पहिली हार्डडिस्क कोणाची

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. तिच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स आहे. रात्रीतून अपडेट झालं आणि सकाळी बटण दाबलं तर काळ्या स्क्रीनवर एक ओळ, त्यापुढे काही नाही. मी विचारलं, "अपडेट चालू असताना बाहेरची हार्डडिस्क लावलेली होती का?" तिने पाहून सांगितलं, होती. मग मी गॅससमोर उभ्या उभ्याच एकेक आज्ञा सांगत गेले, ती टाइप करत गेली, आणि भाजी शिजेपर्यंत तिचं मशीन सुरू झालं. "मावशी, तुला हे कोणी शिकवलं?" तिने विचारलं. मी म्हटलं, रागाने शिकवलं. ती हसली. तिला वाटलं, म्हातारी गंमत करतेय. पण मी अगदी खरं तेच सांगत होते. तो राग अजून उतरलेला नाही, उतरावा अशी माझी इच्छाही नाही, आणि हे प्रकरण त्या रागाचंच आहे.

कारंज्याला आमचा छापखाना होता. पुढे प्रेस, मागे घर, मधे एक दार आणि दाराशेजारी जाळीची खिडकी. मूळचे आम्ही किन्हीराजाचे, पण शेती चुलत्यांकडे सोडून मोठे बाबा आणि बाबा हे दोघे भाऊ कारंज्यात आले, आणि मोठ्या बाबांनी एक जुनं, पायाने चालवायचं ट्रेडल मशीन घेऊन लग्नपत्रिका छापायला सुरुवात केली. मोठे बाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं, मोठी आई मी लहान असतानाच गेली होती, आणि त्यांचं सगळं लक्ष प्रेसवर आणि आमच्यावर असायचं. ट्रेडल सुरू झालं की घरभर एकच ठेका चाले आणि बोलायचं ते त्या ठेक्याच्या मधल्या जागेत बोलावं लागे. आई स्वयंपाकघरातून "भाकर झाली" असं दोन हप्त्यांत म्हणायची, "भाकर" एका ठोक्याआधी आणि "झाली" नंतर. शाईचा आणि रॉकेलचा वास आमच्या वरणालासुद्धा असायचा. ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी आणि खलबत्त्यात कुटलेला हिरव्या मिरचीचा ठेचा हे आमचं रोजचं जेवण. मोठे बाबा जेवायला बसले तरी बोटांच्या पेरांवर काळं असायचंच. ते खिळे जुळवणारे कारागीर होते. शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ते ओळ उलटी लावायचे आणि उलटीच वाचायचे, आणि ते काम ते फार सुंदर करायचे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे मी त्यांच्याशी भांडणार आहे, आणि ज्याच्याशी भांडायचं त्याला आधी त्याचं माप पूर्ण द्यावं असं मला वाटतं.

मग गावात ऑफसेट आलं, खिळे पेटीत गेले आणि आमच्याकडे कॉम्प्युटर आला. मोठ्या बाबांना त्याच्यासमोर बसवेना. बाबांना टायपिंग जमेना. मी तेव्हा कॉलेजात होते, ते करून मी बसायला लागले आणि बसले ती बसलेच. पत्रिकेवर सगळीकडे तेच गणपती, तीच सनई, तोच चौघडा. मला त्याचा कंटाळा आला आणि मी स्वतः किनारी काढायला लागले. कपाशीचं उकललेलं बोंड, तुरीच्या शेंगा, पळसाच्या फुलांची वेल. आधी लोक हसले, "लग्नात कपाशी कायले?" मग केनवडच्या एका घराने तसली पत्रिका छापली आणि पुढच्या हंगामात माणसं एसटीतून उतरून थेट विचारत येऊ लागली, ती बोंडवाली पत्रिका इथंच होते काय.

गिऱ्हाईक आपापल्या पेनड्राइव्हमधून फोटो आणायचं आणि फोटोबरोबर गावचे सगळे व्हायरस आणायचं. मशीन आठवड्याला आजारी. म्हणून मी नवी हार्डडिस्क बसवून तिच्यावर लिनक्स टाकलं, ज्याला ते व्हायरस बाधत नसत, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. माझी सगळी चित्रं त्या नव्या डिस्कवर. जुनी डिस्कही तशीच ठेवली, कारण मराठी टायपिंगचं आमचं जुनं सॉफ्टवेअर तिच्यावरच चालायचं. आता एका डब्यात दोन हार्डडिस्क म्हटल्यावर मशीनला कळायला हवं की उठल्यावर आधी कोणाकडे जायचं. बटण दाबलं तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. ते फक्त पहिल्या डिस्कच्या तोंडाशी जातं. तिथे एक चिमुकला प्रोग्राम बसलेला असतो, त्याला बूटलोडर म्हणतात. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखं त्याचं काम, अमुक गाडी तमुक फलाटावर, एवढंच सांगायचं. आणि पहिली कोण, दुसरी कोण हे तेव्हा ठरायचं डिस्क पट्टीसारख्या केबलला कुठे जोडली त्यावरून. टोकाला जी असेल ती पहिली, मधे जी असेल ती दुसरी. पहिलीला मास्टर म्हणायचे आणि दुसरीला स्लेव्ह, म्हणजे मालक आणि गुलाम. हे शब्द ज्याने ठेवले त्याचं घर कसं असेल याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. मी नवी डिस्क टोकाला लावली होती.

या व्यवस्थेचं एक दुखणं होतं. सिस्टीमचं अपडेट झालं की बूटलोडर कधी कधी पुन्हा लिहिला जायचा, आणि त्या वेळी जर मशीनची मोजणी बदललेली असेल तर तो भलत्याच डिस्कवर जाऊन बसायचा. एकदा मोठ्या बाबांनी एका गिऱ्हाईकाची बाहेरची डिस्क मशीनला लावून ठेवली होती. अपडेट झालं, बूटलोडर त्या डिस्कवर गेला, गिऱ्हाईक डिस्क घेऊन मंगरूळला गेलं, आणि आमचं मशीन मुकं झालं. मी त्याच सीडीवरून ते सुरू केलं, पण मोठ्या बाबांच्या मनात एक गोष्ट कायमची बसली. "अपडेट केलं का मशीन बसते." त्यानंतर प्रेसमध्ये काहीही बिघडलं, अगदी पंख्याने आवाज केला तरी ते माझ्याकडे वळून विचारायचे, "अपडेट केलं काय वं?"

त्या वर्षी नवरात्राच्या शेवटाला मी अपडेट केलं. लपूनछपून नाही, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. मशीन बंद करून पुन्हा सुरू करून पाहिलं, चांगलं चाललं. आणि दुसऱ्या दिवशी मला कावळा शिवला. आमच्या घरात त्या दिवसांत डोक्यावरून न्हाईपर्यंत बाजूला बसायचं. मागच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा पेला. प्रेसमध्ये पाऊल नाही, आणि सणाच्या दिवशी तर सावलीसुद्धा नको. मी बसायचे, तोंड वाकडं करून. देवाला मी तेव्हाही मानत होते, अजूनही मानते. पण माझ्या अंगाला घाबरणारा देव मला आजवर भेटलेला नाही, भेटली ती घाबरलेली माणसंच.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याच्या धंद्याचं जे हत्यार, ते त्या दिवशी धुऊन-पुसून पाटावर मांडायचं आणि दसरा होईपर्यंत त्याला कामाला लावायचं नाही. मोठ्या बाबांचा नेम खिळ्यांच्या काळातला होता, जे सुटतं ते सगळं सोडवायचं, पुसायचं, कुंकू लावायचं आणि पुन्हा जागच्या जागी बसवायचं. दर वर्षी कॉम्प्युटरचं पोट मीच उघडत असे, मीच बंद करत असे. त्या वर्षी मी जाळीच्या खिडकीआड चटईवर. पुरणाचा वास येत होता, कढी उकळत होती, आणि पलीकडून स्क्रू काढल्याचा आवाज. पूजा झाली, आरती झाली. मग मोठ्या बाबांचा आवाज, "कोनती पयले होती रे?" बाबा म्हणाले, "ध्यान नाई, दादा. काढताना पाह्यलंच नाई." "मंग मोठीले पयले. मोठ्याचा मान." मला वाटलं, फूल आधी कशाला वाहायचं ते बोलताहेत. मी पुरणपोळी खात बसले.

दसरा झाला, सोनं लुटून झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बटण दाबलं आणि मशीन उठलं नाही. काळी स्क्रीन, ग्रब हा शब्द, म्हणजे आमच्या बूटलोडरचं नाव, आणि त्यापुढे एरर बावीस. मोठे बाबा माझ्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आले. आत नाही आले.

"काय करून ठेवलं वं मशीनले?"

"काय झालं?"

"बावीस नंबर दाखवून राह्यली. तू त्या दिवशी काहीतरी टाकत होती."

"अपडेट होतं. त्याच्यानंतर मी बंद-चालू करून पाह्यलं. चांगलं होतं."

"हां. म्हंजे मशीन आपोआपच बिघडली. चालू मशीनले हात लावतेच काहून तू?"

मी म्हटलं, मला पाहू द्या. ते म्हणाले, तू बस तिथंच. आणि अकोल्याला फोन केला.

मेकॅनिक जेवणाच्या वेळेला एसटीने आला. खांद्याला बॅग, भुकेला, स्वभावाने बरा माणूस. जाळीतून मला सगळं दिसत होतं. त्याने बटण दाबलं, एरर वाचला आणि मान हलवली. "दोन सिस्टीमचं भांडन हाये हे. ती दुसरी डिस्क सारी पुसून टाकतो, नवीन सिस्टीम टाकून देतो. दोन घंट्यात मोकळं." मोठे बाबा म्हणाले, "टाका पुसून. अन् आता मी ऑपरेटरच ठेवतो. पोरीच्या हाती मशीन देली हेच चुकलं."

दुसरी डिस्क म्हणजे माझी. बोंडं, शेंगा, पळसाच्या वेली, एकेक पाकळी माऊसने ओढलेली. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. आणि डिस्क गेली असती तर तिच्या मागोमाग खुर्चीही गेली असती. मग मी कोण, घरात लग्नाची वाट पाहणारी एक पोरगी. मला रडू आलं नाही. माझे कान तापले. मी चटईवरून उठले, मधलं दार ढकललं आणि प्रेसमध्ये पाय ठेवला.

"कोठी चालली?" मोठे बाबा ओरडले. "डोकं न्हाली काय?"

"नाई."

"मंग?"

"मंग काही नाई. त्या डिस्कले कोनी हात लावायचा नाई."

केनवडहून पत्रिकेचा मसुदा पाहायला आलेलं एक म्हातारं गिऱ्हाईक बाकावर बसलं होतं, ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागलं. त्याला काय कळायचं ते कळलं असावं. बाबा शाईच्या डब्याशी उभे होते. माझे बाबा जन्मभर थोरल्या भावाच्या अर्ध्या पावलामागे चालले. ते हळूच म्हणाले, "पाहू द्या तिले, दादा. पुसायचं तं मंगही पुसता येईन." मेकॅनिक खुर्चीतून उठला. "बसा ताई," म्हणाला, "मले तसंही जेवाचं हाये." आणि मी बसले. मोठे बाबा दोन पावलं मागे सरकले, विटाळ होऊ नये म्हणून. मला ते दिसलं आणि मी खुर्ची पुढे ओढली.

सीडी घातली. तिच्यावरून मशीन उठवता यायचं, आतल्या डिस्कला न विचारता. मग मी बूटलोडरचं काम करणाऱ्या प्रोग्रामला विचारलं, तुझं घर कोणत्या डिस्कवर आहे ते शोध. मशीन शून्यापासून मोजतं. पहिल्या डिस्कला ते शून्य म्हणतं, दुसरीला एक. माझी डिस्क पहिली, म्हणून उत्तर शून्य यायला हवं होतं. आलं एक. मी पुन्हा विचारलं. पुन्हा एक. आणि मग जाळीआडून ऐकलेलं ते वाक्य मला आठवलं. मी मशीन बंद केलं, बाजूचं झाकण काढलं. दोन्ही डिस्कवर हळदीकुंकवाची बोटं, झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. टोकाला जुनी, मधे माझी.

"मोठे बाबा, ह्या कोनी बदलल्या?"

ते खोटं बोलणाऱ्यातले नव्हते. "मीच बसवल्या. त्यात काय झालं? जुनी डिस्क या प्रेसमधी पयले आली. तिचा मान पयला. तुयी मागून आली."

आता यातली गंमत अशी की मी लिनक्स शिकत होते तेव्हा ते सगळ्यात आधी जुन्या डिस्कवरच टाकून पाहिलं होतं आणि मग पुसलं होतं. पण त्या डिस्कच्या तोंडाशी तेव्हाचा बूटलोडर तसाच राहून गेला होता. ज्या घराचा पत्ता तो सांगायचा ते घरच उरलं नव्हतं. जोवर ती दुसरी होती तोवर तिला कोणी विचारत नव्हतं. पूजेत तिला पहिलं बसवलं, मशीन आधी तिच्याकडे गेलं आणि तिने जे नाही त्याचा पत्ता सांगितला. एरर बावीस म्हणजे तेवढंच. अपडेटचा यात काडीचा संबंध नव्हता. हे मी सगळ्यांसमोर, मोठ्याने, शब्द न गिळता सांगितलं.

मेकॅनिक भाकर मोडता मोडता म्हणाला, "मंग सोपं हाये ना, केबल उलटी करून टाका." मी हात पुढे केला तर मोठे बाबा म्हणाले, "थांब. पूजेत बसवलेलं हलवायचं नाई. अन् तुया हातानं तं अजिबात नाई."

वाद घालता आला असता. बाबांच्या हातून केबल बदलून घेता आली असती. पण मला त्या क्षणी असं वाटलं की यांनी दिलेली जागा परत मागायची तरी कशाला. "नाई हलवत," मी म्हटलं. "राहू द्या तिले पयले." झाकण लावलं, सीडीवरून मशीन पुन्हा उठवलं आणि दोन ओळी टाइप केल्या. पहिलीचा अर्थ, माझी सिस्टीम एक नंबरच्या डिस्कवर आहे. दुसरीचा अर्थ, बूटलोडर शून्य नंबरच्या डिस्कच्या तोंडाशी लिही. मग मेनूच्या फाइलमध्ये जिथे जिथे माझ्या डिस्कचा आकडा शून्य होता तिथे एक केला, आणि जुनीचा एक होता तिथे शून्य. मोठ्यांचा मान जिथल्या तिथे राहिला. जुनी डिस्क पहिलीच बसली. फक्त तिला आता विचारलं की ती माझा पत्ता सांगणार होती.

आजच्या मशीनमध्ये हे एवढं राहिलेलं नाही. आता प्रत्येक डिस्कला तिची स्वतःची लांबलचक खूण असते आणि सिस्टीम त्या खुणेने तिला शोधते, मग ती कुठेही बसलेली असो. तरीही अपडेटनंतर घोळ होतातच, मशीनला सुरुवातीला जागं करणारा बायोस आपल्या मनाने क्रम बदलतो, आणि तरुण पोरं घाबरून सगळं पुसून टाकायला निघतात. मी त्यांना एकच सांगते. पुसायचं नाही. आधी पाहायचं, कोण कुठे बसलंय आणि त्याला तिथे कोणी बसवलं.

मी सीडी काढली आणि बटण दाबलं. मेनू आला. माझी सिस्टीम सुरू झाली, बोंडाची किनार स्क्रीनवर उघडली. पुन्हा बंद करून जुनी सिस्टीम उठवली, तीही आली. केनवडचं गिऱ्हाईक बाकावरून म्हणालं, "झालं वाट्टे." मेकॅनिकने वाकून पाहिलं, "हे मले माहीत नव्हतं," म्हणाला, आणि वरणाचा वाटा पुन्हा मागितला.

मोठ्या बाबांनी स्क्रीनकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "ठीक हाये. पन आजपासून अपडेट बंद."

"बंद नाई होनार. मशीन चालवायचं तं अपडेट करावं लागते. बंद पडलं तं मीच चालू करीन."

"मंग ऊठ आता. डोकं धू. खुर्ची शुद्ध करू दे मले." ते आत गेले आणि तांब्यात गोमूत्राचं पाणी घेऊन आले. म्हणजे मशीन सुरू केलं ते चाललं, पण ज्या हातांनी केलं ते चालले नाहीत. मी उठले असते तर ते एवढंच राहिलं असतं, पोरीने एक बिघाड काढला. आणि पुढच्या महिन्यात मी पुन्हा चटईवर, पुन्हा जाळीआड, आणि खुर्चीत दुसराच कोणी.

"मी नाई उठत," मी म्हटलं. "केनवडची पत्रिका हाये. मानूस बसला हाये थांबून." आणि टाइप करायला लागले. ते तांब्या घेऊन माझ्या पाठीशी उभे राहिले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. बाबा शाईच्या डब्याचं झाकण घट्ट करत राहिले. त्यांच्यात मघाच्या त्या एका वाक्याएवढंच बळ होतं, आणि तेही त्यांनी त्या दिवशी खर्चलं होतं.

तेवढ्यात आई आतून आली. आईचे ते भासरे, म्हणजे थोरले दीर. लग्न होऊन आल्यापासून ती त्यांच्याशी समोरासमोर कधी बोललेली नव्हती. त्यांना काही सांगायचं असलं तर ती बाबांना सांगायची, नाहीतर मला, नाहीतर भिंतीला. घरातली जुनी रीत होती ती. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी," ती म्हणाली, "पोरगी काम करून राह्यली."

तिने त्यांच्या हातातून तांब्या घेतला, परसात नेऊन ओतला आणि येताना ताट घेऊन आली. माझं वेगळं ताट नाही, घरातलं, सगळ्यांचं. भाकर, वरण, ठेचा. ते तिने की-बोर्डच्या शेजारी ठेवलं आणि मोठे बाबा तिथे उभे असतानाच मला म्हणाली, "खाय."